छोटी गाडी बंद पडते तेव्हा



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. वर्गणी गोळा झाली, वहीत सह्या झाल्या, चहा आला. मग गप्पा निघाल्या त्या पंढरपूरच्या. एक आजी म्हणाल्या, “आम्ही लग्नाच्या आधी बार्शी लाईटनं जायचो. गाडी एवढी हळू, की चढावर पोरं उतरायची न् पळत जाऊन पुढच्या डब्यात बसायची.” सगळ्या हसल्या. तेवढ्यात एका सुनेनं विचारलं, “आजी, बार्शी लाईट म्हणजे काय? लाईट बिलाचं काही आहे का?”

आजींनी हातानं डब्याची उंची दाखवली, रुळांची रुंदी दाखवली. पण त्या सुनेच्या डोळ्यांपुढे काही उभं राहिलं नाही. दाखवायला फोटो नव्हता, तिकीट नव्हतं, काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. गावची, भागाची म्हणून ओळखली जाणारी एखादी जुनी गोष्ट बंद पडते, तेव्हा ती जपायची कोणी आणि कशी? सरकारनं? की ती वापरणाऱ्या साध्या माणसांनी? या प्रश्नाचं एक उत्तर फार लांबच्या देशातल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी दिलं आहे. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे. शेवटी पुन्हा आपल्या बार्शी लाईटकडे येऊ.

आधी थोडं आपल्या गाडीबद्दल

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बार्शी लाईट रेल्वे म्हणजे अरुंद रुळांची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ म्हणत. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची लाइन झाली. कापूस, धान्य आणि विठ्ठलाच्या दर्शनाला जाणारी माणसं, हा तिचा मुख्य भार. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात गेली. पुढे टप्प्याटप्प्यानं तिचे रूळ मोठे झाले आणि २०१० च्या सुमारास शेवटचा टप्पाही बदलला. आता त्याच वाटेवरून मोठ्या गाड्या धावतात.

रूळ अरुंद म्हणजे किती अरुंद? आज आपण ज्या मोठ्या गाडीत बसतो तिच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट असतं. बार्शी लाईटचं होतं अडीच फूट. माथेरानच्या गाडीचं आहे दोन फूट. रूळ अरुंद ठेवले की जमीन कमी लागते, वळण लहान घेता येतं, पूल हलका चालतो, इंजिनही लहान लागतं. म्हणजे खर्च कमी. त्यामुळे जिथं मोठी गाडी परवडत नव्हती अशा भागात ह्या छोट्या गाड्या आल्या. पण तोटा असा, की माल मोठ्या गाडीत हलवायचा तर एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. आणि रस्त्यावर ट्रक व एसटी आल्यावर ह्या गाड्या जगभर मागे पडल्या.

आता जाऊ वेल्सला.

पाटीच्या दगडाची लाइन

इंग्लंडला लागून पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. इंग्रजांचंच राज्य, पण भाषा वेगळी, वेल्श. तिथल्या डोंगरात पाटीचा दगड निघतो. आपल्या लहानपणी शाळेत दगडी पाटी असायची ना, तोच दगड. तो पातळ पातळ चिरता येतो. आपल्याकडे घराला कौलं घालतात, तशी तिकडे ह्या दगडाची फरसं छपराला घालत.

समुद्रकाठी टावीन नावाचं गाव आहे. तिथून आत डोंगरात ब्रिन एग्लूइस नावाची अशी एक खाण होती. खाणीतला दगड पूर्वी जनावरांच्या पाठीवरून खाली यायचा. म्हणून १८६५ साली टावीनपासून अबरगनोल्विन ह्या खाण कामगारांच्या गावापर्यंत छोटी लाइन घातली. लांबी सुमारे १२ किलोमीटर. दगडाबरोबर माणसंही बसू लागली. लाइनचं नाव टॅलिलिन रेल्वे.

ती किती लहान होती बघा. इंजिनं फक्त दोन, एकाचं नाव टॅलिलिन, दुसऱ्याचं डोलगॉच. डबे चार, आणि गार्डचा एक. लाइन बांधून झाल्यावर सरकारी तपासनीस आला. त्याच्या ध्यानात आलं, की पुलांखालून जाताना डबा आणि भिंत यांच्यात फार कमी जागा उरते. दार उघडून कोणी बाहेर आलं तर चिरडेल. पूल पुन्हा बांधायला पैसा नव्हता. मग तोड काढली, डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली, आणि पुलाखाली रूळ थोडे सरकवले. म्हणून त्या लाइनवर सगळे फलाट एकाच बाजूला आहेत. आजही.

मालकाचा शब्द

१९११ च्या सुमारास खाण आणि लाइन दोन्ही अडचणीत आली. तेव्हा तिथले खासदार हेडन जोन्स यांनी ती विकत घेतली. गावाचा रोजगार टिकावा, हा हेतू. त्यांनी ती चालवली खरी, पण नवा पैसा घालणं जमलं नाही. रूळ तेच, इंजिनं तीच, डबे तेच.

१९४६ च्या डिसेंबरात खाणीचा भाग कोसळला आणि खाण बंद झाली. आता वाहायला दगडच नाही. फक्त उन्हाळ्यात फिरायला येणारे लोक. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन सरकारनं देशातल्या रेल्वे ताब्यात घेतल्या, पण ही एवढीशी लाइन त्या यादीत घेतलीच नाही. म्हणजे सरकारनं बंदही केली नाही आणि सांभाळलीही नाही.

हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता, “मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल.” शब्द त्यांनी पाळला. २ जुलै १९५० रोजी ते वारले. त्या वर्षीचा हंगाम कसाबसा पार पडला. पुढे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हाची लाइनची अवस्था अशी, की कित्येक ठिकाणी रूळ गवतात दिसेनासे झालेले. लाकडी स्लीपर कुजलेले. लोक चेष्टेनं म्हणत, की रुळांना खिळ्यांनी नाही, गवतानंच धरून ठेवलंय. चेष्टा होती, पण खोटी नव्हती. दोनपैकी एक इंजिन केव्हाच थांबलं होतं, आणि डोलगॉच एकटंच म्हाताऱ्या बैलासारखं ओढत होतं.

एक सभा आणि एका बाईचा निर्णय

टॉम रोल्ट नावाचे एक लेखक होते. इंजिनिअरिंगचं काम शिकलेले. ब्रिटनमधले जुने कालवे बुजत चालले होते, ते वाचवायच्या चळवळीत त्यांनी आधी काम केलं होतं. त्यांना वाटलं, ही लाइन लोकांनी मिळून का चालवू नये? ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅम शहरातल्या एका हॉटेलात त्यांनी आणि मित्रांनी सभा बोलावली. सत्तरेक लोक आले. त्यात कारकून होते, दुकानदार होते, कारखान्यात काम करणारे होते. रेल्वे चालवण्याचा अनुभव जवळपास कोणालाच नव्हता. तरी तिथं ठरलं, की संस्था काढायची, सभासदांनी वर्गणी द्यायची आणि सुट्टीत येऊन स्वतः काम करायचं.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. लाइन ह्या लोकांच्या मालकीची नव्हती. ती होती हेडन जोन्स यांच्या वारसांची. घरात नुकताच मृत्यू झालेला. समोर परगावची, ओळखदेख नसलेली माणसं उभी. ती म्हणतात, आम्हाला तुमची रेल्वे चालवायला द्या. दुसरीकडे सोपा मार्ग उघडा होताच, रूळ उपटा, भंगारात घाला, पैसे मोकळे करा.

त्यांची विधवा पत्नी लेडी हेडन जोन्स आणि वारसांच्या वतीनं काम पाहणारे लोक या अनोळखी माणसांबरोबर बोलणीला बसले. शेवटी तोडगा निघाला. लाइनचे शेअर एका नव्या कंपनीच्या नावावर करायचे आणि कारभार त्या कंपनीमार्फत संस्थेनं पाहायचा. ८ फेब्रुवारी १९५१ रोजी ते हस्तांतर झालं.

ह्या गोष्टीत रोल्ट यांचं नाव सगळे घेतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या घरातून नकार आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आपल्या गावातही जुना वाडा, जुनं जातं, जुनी कागदपत्रं बऱ्याचदा एखाद्या घरातल्या बाईच्या हातात असतात. ती काय ठरवते यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

पहिला उन्हाळा

१४ मे १९५१ रोजी पहिली गाडी सुटली. पूर्ण लाइनवर नाही. पुढचे रूळ तयारच नव्हते. टावीनपासून रिडरोनेनपर्यंत, म्हणजे जेमतेम चार किलोमीटर. पुढच्या महिन्यात अबरगनोल्विनपर्यंत गाडी जाऊ लागली. जगात याआधी कुठंही स्वयंसेवकांनी चालू रेल्वे अशी आपल्या हातात घेऊन वाचवली नव्हती.

पण आता खरी अडचण सुरू झाली. एकच इंजिन. ते बसलं तर सगळं बसलं. दुसरं आणायचं कुठून? टॅलिलिनच्या दोन रुळांमधलं अंतर होतं सव्वादोन फूट. असं माप फार कमी ठिकाणी होतं. त्यांच्या नशिबानं शेजारच्याच खोऱ्यात कॉरिस नावाची तशीच एक दगडाची लाइन होती आणि तिचं माप तेच होतं. ती १९४८ साली बंद झाली होती. तिची दोन इंजिनं रेल्वेच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. संस्थेनं ती पंचवीस-पंचवीस पौंडांना विकत घेतली. एकाला नाव दिलं सर हेडन, जुन्या मालकांचं. दुसऱ्याला एडवर्ड थॉमस, लाइनच्या जुन्या मॅनेजरचं.

सर हेडन रुळावर चढलं आणि घसरलं. पुन्हा चढवलं, पुन्हा घसरलं. कारण शोधल्यावर कळलं, की टॅलिलिनचे रूळ एकमेकांपासून ठरल्या मापापेक्षा थोडे जास्त लांब होते. डोलगॉचची चाकं रुंद होती म्हणून ते निभावून नेत होतं. नव्या इंजिनाची चाकं अरुंद, ती दोन रुळांमध्ये पडत. म्हणजे इंजिन मिळालं, तरी आधी रूळ नीट करणं भाग होतं. तेव्हा स्वयंसेवकांनी विळे घेऊन गवत कापलं, कुजके स्लीपर काढले, नवे सरकवले, खडी भरली, मापाची पट्टी लावून अंतर तपासलं. दिवसाला काही हात अंतर पुढे जायचं.

दुसरं इंजिन, एडवर्ड थॉमस, इंग्लंडमधल्या एका इंजिन कारखान्यानं दुरुस्त करून दिलं आणि १९५२ साली ते कामाला लागलं. मूळचं टॅलिलिन इंजिन तर १९५८ साली परत धावलं. जन्म १८६४ चा. डोलगॉच १८६६ चं. दोन्ही आजही आहेत, आणि ते जुने चार डबे व गार्डचा डबाही आहेत.

शिकवणारी माणसं

शहरातून आलेल्यांकडे उत्साह भरपूर होता. पण कुठल्या वळणावर रूळ दरवर्षी खचतो, पावसात ओहोळाचं पाणी कुठून घुसतं, डोलगॉचची वाफ कमी पडली तर काय करायचं, हे पुस्तकात कुठं असणार? ते होतं लाइनवर आयुष्य काढलेल्या जुन्या कामगारांच्या डोक्यात. त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी नव्यांना सोबत घेऊन काम दाखवलं. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर रूळ कदाचित राहिले असते, पण सांगणारं कोणी उरलं नसतं.

आपण आपल्या गटात जुनी बियाणी जपतो तेव्हाही हेच दिसतं. बी मडक्यात ठेवता येतं. पण ते कधी पेरायचं, राखेत किती दिवस ठेवायचं, हे सासूबाईंनी सांगितलं नाही तर बी असून उपयोग नाही.

कामं कसली कसली

रेल्वे जपायची म्हटलं की आपल्याला इंजिन दिसतं. पण इंजिन हा त्यातला लहान भाग. तिथं स्वयंसेवक आजही काय करतात ते ऐका. कोणी तिकीट देतं. कोणी फलाटावरच्या फुलझाडांना पाणी घालतं. कोणी डबे पुसतं, दारांना रंग देतं. कोणी गार्ड म्हणून झेंडी दाखवतं. कोणी झाडोरा तोडतं, चर साफ करतं, नाहीतर पावसात रुळाखालची माती वाहून जाते. कोणी चहा-केकच्या काउंटरवर उभं राहतं. कोणी हिशेब लिहितं. ज्याला इंजिन चालवायचं आहे त्यालाही थेट हँडल मिळत नाही. आधी पहाटे येऊन राख काढायची, पितळ घासायचं. मग कोळसा टाकायला शिकायचं. परीक्षा द्यायच्या. त्यानंतर कधीतरी ड्रायव्हर व्हायचं. स्वयंसेवक आहेत म्हणून सुरक्षेच्या नियमांत सूट नाही. ज्या कामाला रोज हजर राहावंच लागतं, त्यासाठी थोडे पगारी लोकही ठेवले आहेत.

ह्या कामात चुका झाल्या, त्यातली एक तर जगभर पोहोचली. विल्बर्ट ऑड्री नावाचे पाद्री होते. आपली नातवंडं मोबाइलवर डोळे मिचकावणाऱ्या थॉमस इंजिनाचं कार्टून बघतात ना, ती गोष्ट मूळ ह्यांची. ते १९५२ साली टॅलिलिनवर गार्ड म्हणून स्वयंसेवा करायला आले. एकदा त्यांनी झेंडी दाखवली, गाडी सुटली, आणि मागे फलाटावरून आरडाओरडा ऐकू आला. चहा-फराळ विकणाऱ्या बाई मागेच राहिल्या होत्या! ऑड्री यांनी ही स्वतःचीच फजिती पुढे मुलांच्या पुस्तकात घातली. टॅलिलिनच्या गाड्यांवर त्यांनी गोष्टी लिहिल्या आणि पुष्कळ मुलं आईबापांचा हात धरून ती खरी गाडी बघायला येऊ लागली.

आम्हा रेडिओवाल्यांना आवडलेली आणखी एक गोष्ट. १९५७ साली बीबीसीनं टॅलिलिनवरून टीव्हीवर थेट प्रक्षेपण केलं. लोकांनी घरात बसून ती छोटी गाडी पाहिली आणि त्या वर्षी प्रवाशांची रीघ लागली. जपलेली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवणं हेही जपण्याचंच काम आहे.

पैशाचं कसं?

बचत गटाच्या बायकांना हा प्रश्न पहिला पडणार. उत्तर ओळखीचंच आहे. सभासदांची वर्गणी, प्रवाशांचं तिकीट, दुकान आणि चहाचं काउंटर, देणग्या, मोठ्या कामाला अनुदान. आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे मजुरीची, कारण बहुतेक हात बिनपगारी. एकाच मोठ्या माणसाच्या खिशावर लाइन अवलंबून होती तेव्हा तो गेल्यावर ती लटकली. पुष्कळांच्या थोड्या-थोड्या पैशावर उभी राहिली तेव्हा कोणी एक गेलं तरी ती पडली नाही. रोल्ट यांनी पहिली दोन वर्षं मॅनेजर म्हणून काम पाहिलं आणि मग बाजूला झाले. गाडी चालूच राहिली.

१९७६ साली तर स्वयंसेवकांनी लाइन पुढे वाढवली. अबरगनोल्विनच्या वर खाणीकडे जाणाऱ्या दगडाच्या वाटेवर नवे रूळ घालून नांट ग्वेर्नोलपर्यंत प्रवासी गाडी नेली. टावीनच्या स्टेशनात छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. २०२१ साली युनेस्कोनं वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात ही खाण, अबरगनोल्विन गाव आणि टॅलिलिन रेल्वे आहे.

सगळं गोड नाही

आम्ही तुम्हाला परीकथा सांगत नाही. टॅलिलिनची गाडी वाचली, पण खाण वाचली नाही. ज्या दगडासाठी लाइन होती तो दगड आता वाहत नाही. खाणीतला रोजगार गेला तो गेलाच. आज गाडीत बसतात ते पर्यटक. म्हणजे जपताना वस्तूचा उपयोग बदलला. हे मान्य करावं लागतं.

आणि सगळ्या लाइनी वाचल्या असंही नाही. ज्या कॉरिसची इंजिनं टॅलिलिननं घेतली, तिचे रूळ उखडले गेले. तिच्यासाठी १९६६ साली लोकांनी संस्था काढली, पण त्यांना पुन्हा प्रवासी बसवायला २००२ साल उजाडलं. सगळं नव्यानं घालावं लागलं. चालू असताना हात लावला तर काम सोपं, बंद पडल्यावर लावला तर कित्येक पट अवघड.

आणि आपल्या बार्शी लाईटवाल्या कॅलथ्रॉप यांची गोष्ट तर ऐकाच. बार्शीनंतर त्यांनी इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड नावाची एक छोटी लाइन उभारली. माप तेच, आपल्यासारखं अडीच फूट. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद. तेव्हा वाचवणारं कोणी पुढे आलं नाही. रूळ गेले. त्या वाटेवर आता लोक चालतात आणि सायकल फिरवतात. म्हणजे बार्शी लाईटची बहीण तिकडेही गेली, फक्त तिची वाट तेवढी राहिली.

आपल्या हातात काय आहे?

बार्शी लाईट आता परत धावणार नाही. त्या वाटेवर मोठी गाडी आली, तिचा आपल्याला फायदाच आहे. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, पोरीला कॉलेजात पाठवायचं, तर हळू गाडीचं कौतुक परवडत नाही. तेव्हा रूळ जपायचा काळ गेला. पण आठवण जपायचा काळ अजून आहे, आणि तो झपाट्यानं सरतो आहे. त्या गाडीनं माहेरी गेलेल्या, वारीला गेलेल्या, डब्यात भाजी घेऊन बाजाराला गेलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. रेल्वेच्या कागदांत इंजिनांचे नंबर सापडतील. बायकांच्या डब्यात काय गप्पा चालत, तान्ह्या पोराला झोळी कुठं बांधत, तिकिटाला पैसे नसले तर काय करत, हे कुठल्या कागदात सापडणार?

तुमच्या भागातून बार्शी लाईट जात नसेल तर दुसरं काही असेल. बंद पडलेला जिन, जुनी घाण्याची जागा, बारव, बैलबाजार. रीत तीच. गटात दोघी-तिघींनी जबाबदारी घेतली तरी पुरे.

पहिलं, आजींना आधी विचारा. कशासाठी विचारतोय, ते सांगा. रेकॉर्डिंग कुठं वाजणार, कोण ऐकणार, हेही सांगा. काही गोष्टी त्यांना चारचौघात नको असतील, त्या वगळा.

दुसरं, मोबाइलवर रेकॉर्ड करताना सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोला. पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाइल त्यांच्या जवळ ठेवा. “तुम्हाला गाडी आवडायची का?” असं विचारलं तर “हो” एवढंच उत्तर येईल. “पहिल्यांदा गाडीत बसलात तो दिवस सांगा,” असं म्हणा. मग गप्प बसा. त्या थांबल्या तरी घाईनं पुढचा प्रश्न टाकू नका. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

तिसरं, वर्ष आठवत नसेल तर अडू नका. दुष्काळाच्या आधी की नंतर, थोरल्याच्या जन्माआधी की नंतर, असं विचारा. बाईच्या आयुष्यात कॅलेंडर असं असतं.

चौथं, जुना फोटो किंवा तिकीट निघालं तर घरच्यांकडून मागून नेऊ नका. मोबाइलवर उजेडात नीट फोटो काढून घ्या आणि मूळ वस्तू त्यांच्याच घरी राहू द्या. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं हलकंसं लिहा, पेननं नको. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. त्यानं कागद पुढे खराब होतो. कोरड्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवलं तर वाळवीपासून बचाव होतो.

पाचवं, रेल्वेच्या जागेतून जुनी वस्तू उचलून आणू नका. गंजका खिळा असला तरी ती रेल्वेची मालमत्ता आहे, आणि रुळावर फिरणं जिवावरचं आहे. काही दिसलं तर फोटो काढा आणि स्टेशन मास्तरांना सांगा.

सहावं, एका मोबाइलवर भरवसा ठेवू नका. मोबाइल पडतो, हरवतो, नातू गेम घालायला सगळं पुसतो. रेकॉर्डिंगची एक प्रत गटाच्या दुसऱ्या बाईकडे आणि एक शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवा. आमच्या केंद्रावर आणून दिलीत तर आजींच्या परवानगीनं आम्ही ती ऐकवूही.

टॅलिलिनच्या लोकांनी पहिल्या दिवशी बारा किलोमीटरची लाइन उभी केली नव्हती. चार किलोमीटरवर गाडी नेली, थांबले, पुढचं गवत कापलं. आपणही एका आजीपासून सुरुवात करू.

परवाच्या त्या बैठकीतल्या सुनेचा आम्हाला निरोप आला आहे. तिनं आजींना बसवून रेकॉर्डिंग केलं, वीस मिनिटांचं. त्यात मध्येच मिक्सर चालू झालाय आणि एकदा म्हैस ओरडलीय. पण गाडी स्टेशनात शिरताना कशी शिट्टी द्यायची, ती आजींनी तोंडानं वाजवून दाखवली आहे. पुढच्या भागात ती आपण सगळ्या मिळून ऐकू.

तोवर, नमस्कार.